दहा कोयत्यांच्या भाकरी

बोरुडे सरांसमोर नुसता आकडा उच्चारायची सोय नव्हती. ऑफिसातून शिपाई धावत आला आणि म्हणाला, "सर, पंधरा पाठवायला सांगितलंय," की सर फळ्याकडं तोंड ठेवूनच विचारत, "पंधरा काय? पंधरा पोरं, पंधरा बाकं की पंधरा मिनिटांनी कुणाला?" शिपाई बिचारा पुन्हा ऑफिसात पळायचा. स्टँडवरच्या टपरीत कुणी "दोन दे रे" म्हणालं, तर शेजारी बसलेले सर हळूच "कप" एवढा शब्द जोडायचे. एकक न लिहिलेला आकडा म्हणजे पत्ता न घातलेलं पाकीट, असं त्यांचं म्हणणं होतं. पोरांनी त्यांचं नावच 'पंधरा काय' ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं आणि बहुधा आवडतही होतं.

सर गेल्या पावसाळ्यात वारले. कॉलेजात शोकसभा झाली. तिथं तळमळीचे शिक्षक, विद्यार्थ्यांचा आधारवड वगैरे जी भाषणं झाली, ती कुठल्याही सरांना चालली असती. नाव बदललं की झालं. मी मागच्या रांगेत बसून चडफडत होतो. तिसगावच्या या ज्युनियर कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. सर आले त्याच्या आधीपासून आहे आणि ते रिटायर झाल्यावरही आहे. वीस-बावीस वर्षं आम्ही एका खोलीत, एकाच वासात काढली. तेव्हा मला बोलायला सांगायला हरकत नव्हती, पण प्रयोगशाळा सहायकाला स्टेजवर कोण बोलावतो? म्हणून लिहितोय.

सर दिसायला साधेच. उंची बेताची, केस तेल लावून चप्प बसवलेले, शर्ट पांढरा. पांढराच का, असं मी एकदा विचारलं, कारण पोटॅशियम परमँगनेटचे डाग त्याच्यावर आधी जांभळे आणि मग कायमचे तपकिरी दिसायचे. तर म्हणाले, "रंगीत घातला तर डाग पडलाय हे कळणार कसं?" पँटीला सल्फ्युरिकची बारीक भोकं. खिशात खडूचे इतके तुकडे की धुवायला टाकलेल्या पँटीतून पांढरं पाणी निघतं, अशी वहिनींची तक्रार असायची. सरांचं घर बेलापूरला, श्रीरामपूरच्या अलीकडं. इथं तिसगावात ते खोली घेऊन एकटे राहत आणि शनिवारी दुपारी गावी जात. सोमवारी सकाळी पहिल्या तासाला परत हजर. एस.टी.चा संप असला तरी हजर. कसे यायचे ते त्यांचं त्यांना माहीत.

प्रवरेकाठच्या माणसाला आमचा हा कोरडा मुलूख पहिल्यांदा मानवत नाही. येतात, नाक मुरडतात, बदलीचे अर्ज करतात. सरांनीही पहिल्या वर्षी केला असावा. दुसऱ्या वर्षापासून केला नाही, आणि त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आधी सरांच्या विषयाबद्दल दोन शब्द सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. अकरावीला केमिस्ट्रीत मोल नावाचं प्रकरण असतं. पोरं तिथंच अडकतात. डझन म्हणजे बारा, तसं मोल म्हणजे कणांची एक ठरलेली मोजणी. फक्त कण इतके बारीक की ती मोजणी अफाट मोठी आहे. कुठलाही पदार्थ दुसऱ्याशी मिळतो तो मोजून मिळतो. हायड्रोजनचे दोन मोल आणि ऑक्सिजनचा एक, की पाण्याचे दोन मोल. समीकरणात हे आकडे लिहिलेले असतात, आणि इतक्या ग्रॅमपासून तितके ग्रॅम किती, हे त्या आकड्यांवरून काढायचं असतं. पोरं काय करतात, तर ग्रॅमला थेट ग्रॅमनं गुणून मोकळी होतात.

सर फळ्यावर तीन दारं काढायचे. खरोखरची दारं, कडीकोयंड्यासकट. "ग्रॅमनं थेट ग्रॅमच्या घरात घुसायचं नाही, बरं का. आधी मोलाच्या दारात जायचं. तिथं विचारायचं, तुमचं-त्यांचं गुणोत्तर काय? एकास दोन, दोनास पाच, जे असेल ते. मग पलीकडच्या मोलाच्या दारात. मग त्याचे ग्रॅम. मधलं दार चुकवून मागच्या भिंतीवरून उडी मारणाऱ्याला मी शून्य देणार." आणि गणित कुठलंही असो, पहिला प्रश्न ठरलेला: "आपल्याकडे काय आहे? आणि काय हवंय?" हा प्रश्न ते गणितापुरता ठेवत नसत. माझ्या बहिणीच्या सासरी भांडण झालं तेव्हा मी तावातावानं सगळं सांगितलं, आणि सरांनी हेच दोन प्रश्न विचारले. मला तेव्हा त्यांचा असा राग आला की विचारू नका. दोन दिवसांनी बसून विचार केला तेव्हा मात्र उपयोग झाला.

पण ही झाली पुढची गोष्ट. पहिल्या वर्षी सर चांगलेच कोरडे होते. दारं काढत, पोरं नुसती बघत. डझनाचं उदाहरण दिलं, कागदाच्या रिमाचं दिलं. वर्ग ढिम्म. आमच्याकडची निम्मी पोरं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. दिवाळीनंतर आईबाप कारखान्याच्या भागात जातात, आणि पोरं कुणा चुलत्याकडं, आत्याकडं राहून शिकतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली ही पोरं अकरावीच्या इंग्रजी पुस्तकापुढं आधीच बिचकलेली असतात.

एक दिवस सर वैतागून म्हणाले, "तुमच्या घरी कशाची मोजणी करता का नाही कुणी?"

मागून एक पोरगा म्हणाला, "करतो की. कोयत्याची."

"झालं तर मग," असं म्हणून सरांनी जोरात खडू घेतला आणि फळ्यावर गणित घातलं. एका टोळीत दहा कोयते आहेत. एका माणसाला दिवसाला चार भाकरी लागतात. तर टोळीला दिवसाला भाकरी किती?

मी दाराशी परीक्षानळ्यांचा ट्रे घेऊन उभा होतो. बघतो तर पहिल्यांदाच सगळ्या माना वहीत गेलेल्या. सर खूश. फिरत फिरत एकेकाची वही बघायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. पहिल्या वहीत ऐंशी. दुसऱ्या वहीत ऐंशी. सरांनी लाल पेनानं फुल्या मारायला सुरुवात केली. बाराव्या-तेराव्या वहीला त्यांचा पारा चढला. "एकानं चुकायचं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवायचं? दहा चोक चाळीस येत नाही अकरावी सायन्सला?" म्हणत त्यांनी फळ्यावर चाळीस लिहिलं.

मला हसू येत होतं आणि हसायची चोरी होती. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी उठली. काडीसारखी पोर, आवाज मात्र खणखणीत. म्हणाली, "सर, आमचं न्हाई चुकलं. तुमचंच चुकलंय."

"काय चुकलंय?"

"कोयता म्हंजी दोघं असत्यात. नवरा-बायकू. दहा कोयते म्हंजी वीस मान्सं."

सर म्हणाले, "आणि एकटाच असला तर?"

"तर अर्धा कोयता." असं म्हणून ती बसली. आमच्याकडं हे शेंबड्या पोराला माहीत असतं. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. दोघं मिळून एक कोयता. मुकादम टोळी मोजतो ती अशी.

सर फळ्याकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी डस्टरनं चाळीस पुसलं, ऐंशी लिहिलं, आणि खाली कोपऱ्यात लिहिलं: 'चूक बोरुडेची'. मग पुन्हा पहिल्या बाकापासून सुरुवात केली. प्रत्येक वहीतली फुली खोडून तिथं बरोबरची खूण केली आणि शेजारी सही केली. तास संपल्याची घंटा झाली तरी त्यांचं चालूच होतं.

नंतर लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसले. म्हणाले, "दत्तू, आमच्या उसात दरवर्षी टोळी यायची. तुमच्याच भागातली. लहानपणापासून बांधावर उभा राहून बघितलीय मी. संध्याकाळी वडील विचारायचे, किती कोयते आले रे आज? मी सांगायचो, आठ. आठच माणसं मोजली मी इतकी वर्षं. बाया समोर मोळ्या वाहत होत्या आणि मला दिसल्या नाहीत."

माझी आई त्याच भागात वीस हंगाम मोळ्या वाहून आलेली. मी म्हणालो, "चहा सांगू का?" तर म्हणाले, "सांग." आणि मग नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "दोन कप."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोल शिकवायला घेतला तो कोयत्यापासून. शब्द एक, आत माणसं दोन. हायड्रोजनचा रेणू म्हणजे कोयता. एकटा अणू मोकळा फिरत नाही, जोडीनंच असतो. मोल म्हणजे त्याहून कितीतरी मोठी टोळी, पण तीही ठरलेल्या मोजणीची. आकडा लिहिलास तर कशाचा लिहिलास ते सांग: कोयत्यांचा की माणसांचा, रेणूंचा की अणूंचा? त्या वर्षापासून आमच्या कॉलेजात मोलाला कुणी घाबरलेलं मला आठवत नाही. नगरच्या क्लासवाल्यांनी सरांना बोलावून पाहिलं. गेले नाहीत. बदलीचा अर्जही पुन्हा कुणी पाहिला नाही. दरवर्षी नव्या वर्गाला ते आपली चूक स्वतः सांगायचे, फळ्यावर चाळीस लिहून, पोरांना हसू देऊन.

आता सर म्हणजे अगदी देवमाणूस असं समजू नका. हट्टी होते. जेवताना बोललेलं त्यांना चालायचं नाही. कुणाचं अक्षर वाईट असलं की जाहीर टोमणे मारायचे. मला तर रोज एक ठरलेला टोमणा असायचा: "दत्तू, ब्युरेट धुतलीस की नुसती ओली केलीस?" एकदा मात्र खरोखरच माझी चूक झाली आणि त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही.

बारावीचं प्रॅक्टिकल होतं. ऑक्झॅलिक ॲसिडचं परमँगनेटशी टायट्रेशन. म्हणजे गरम केलेल्या ॲसिडमध्ये वरून थेंब थेंब जांभळं द्रावण सोडायचं आणि गुलाबी रंग टिकला की थांबायचं. इथं गुणोत्तर पाचास दोन. हिशेबानं दहा मिली यायला हवं होतं. पहिल्या पोराचं आलं सात पॉइंट एक. दुसऱ्याचं सात पॉइंट एक. सगळ्या वर्गाचं सात पॉइंट एक. द्रावण मी बनवलं होतं.

सर म्हणाले, "सगळ्यांचं एकच उत्तर आलंय. मागं एकदा असं झालं होतं तेव्हा मीच चुकलो होतो. आज कोण चुकलंय ते शोधा. मोल काही चुकत नाहीत." आणि खुर्ची ओढून बसले. पोरं वहीत डोकं घालून बसली. कुणी परमँगनेट जुनं आहे म्हणे, कुणी पिपेट खोटी आहे म्हणे.

अर्चना नावाची एक मुलगी होती त्या वर्गात. आमच्या गावापासून कोसभरावरच्या वस्तीवरची, शहादेवची पोरगी. शहादेव आणि त्याची बायको दरवर्षी बेलापूरकडंच तोडीला जायचे. ही शांत, डोळ्यांत मात्र सतत काहीतरी चाललेलं. तिनं सात पॉइंट एकला दहानं भागलं, मग कपाटातली ऑक्झॅलिकची बाटली मागून घेतली, लेबल वाचलं आणि म्हणाली, "सर, बाटलीत पानी हाय."

पोरं खो खो हसली. बाटलीत तर कोरडी पांढरी पूड.

"हसू नका," सर म्हणाले. "पुढं बोल, बाळा."

"या स्फटिकात दोन पाण्याचे रेणू धरलेले हायती. त्याचं वजन एकशे सव्वीस. वजन करताना कुनीतरी नव्वद धरलंय, बिनपाण्याचं. नव्वद भागिले एकशे सव्वीस म्हंजी पॉइंट सात एक."

कुणीतरी म्हणजे मी. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी कबूल केलं. सर उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "दत्तूमामांनी आज जो धडा दिला, तो मला वर्षभरात देता आला नसता." मग अर्चनाच्या वहीकडं कितीतरी वेळ बघत राहिले. त्या दिवशी खोलीवर जाताना म्हणाले, "बावीस वर्षांत असं डोकं पाहिलं नाही रे. हिला केमिस्ट्रीच करू द्यायची." सर त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास रिटायर होणार होते. मला वाटलं, जाता जाता माणूस हळवा होतो.

दिवाळीच्या तोंडावर अर्चना दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "गाडी काढ." दुपारी आम्ही वस्तीवर गेलो. अर्चनाची आई खाटेवर पडून होती. मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी सहा महिने वाकायला बंदी केलेली. अंगणात भांडी पोत्यात भरून ठेवलेली. अर्चना आमच्याकडं न बघता पोत्याचं तोंड शिवत होती.

सर उंबऱ्याशी बसले. "शहादेवराव, आपल्याकडे काय आहे आणि काय हवंय, एवढं मला सांगा."

शहादेव बारीक अंगाचा, मऊ बोलणारा माणूस. म्हणाला, "सर, मी एकलाच हाय. मुकादम म्हन्तो अर्धा कोयता नगं. पोरगी आली तर पुरा व्हतो. लेक हुशार हाय, मला कळत न्हाई व्हय? पन करू काय? मी त्याला शबूद दिलाय."

"परीक्षा?"

"हंगाम उरकल्याबिगर कुनाला सुट्टी न्हाई, सर. फुडल्या वर्साला बसंल ती."

पुढच्या वर्षीचं बसणं आम्ही पुष्कळ पाहिलेलं होतं. पुढच्या वर्षी लग्न होतं आणि त्या पोरीचा कुठल्यातरी टोळीत नवा कोयता होतो. सर उठले. मी गाडीला किक मारली, ते मागं बसले आणि आम्ही वस्तीच्या रस्त्याला लागलो. ओढ्याजवळ त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"थांब. दत्तू, अभिक्रिया कुठं थांबते सांग?"

"मला काय विचारता सर?"

"जो पदार्थ आधी संपतो, तिथं. बाकीचे कितीही असू देत. इथं पोरगी हुशार आहे, बाप चांगला आहे, फॉर्म भरलेला आहे, कॉलेज आहे. कमी काय पडतंय? एक माणूस. तोही सगळ्या हंगामाला नाही. प्रॅक्टिकल, पेपर, येणं-जाणं धरून पंधरा-सोळा दिवस. गाडी वळव."

परत अंगणात जाऊन सर शहादेवला म्हणाले, "तिला घेऊन जा. बेलापूरकडंच येताय ना? मी आता रिटायर होतोय, माझं घर तिथंच आहे. रोज दुपारी तुमच्या कोप्यांवर येऊन तिला शिकवीन. आणि परीक्षेच्या दिवसांत तिला सोडायचं. तेवढे दिवस तुमचा दुसरा अर्धा मी."

शहादेव आधी हसला. मग सर हसत नाहीत हे बघून ओशाळला. "काहीतरीच काय सर? अवो, ते बायामान्सांचं काम हाय. मोळ्या वाहायच्या. तुमी कसं कराल?"

"चाळीस लिहिलं तेव्हा मी बायामाणसंच सोडली होती," सर म्हणाले. शहादेवला त्याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं. अर्चनाला कळला. ती वर्गात ती गोष्ट ऐकून बसली होती. ती पोतं सोडून उठली आणि घरात गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी खरं सांगतो, मला हे सगळं बोलण्यापुरतं वाटलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आयुष्यात कधी घमेलं उचललेलं नाही. गाव ओळखतं, चारजण नमस्कार करतात. बोलले असतील भरात, वेळ आली की एखादा मजूर बघतील, असा माझा अंदाज. सरांना इतकी वर्षं बघून मला एवढीही पारख नव्हती.

कबूल केल्याप्रमाणे सर रोज दुपारी कोप्यांवर जात. उसाच्या पाचटाच्या त्या झोपड्यांपाशी बसून त्यांनी तिचा पोर्शन पुरा केला. ते मला फोनवर सांगत: आज सोल्युशन्स झालं, आज इलेक्ट्रोकेमिस्ट्री. मी म्हणायचो, आणि मोळ्यांचं काय सर? तर म्हणायचे, सराव चालू आहे. मला वाटायचं चेष्टा करतायत. प्रत्यक्षात ते तासभर शिकवून तासभर अर्चनाकडून मोळी बांधायला शिकत होते, उसाच्याच वाढ्याचा, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याचा, पीळ देऊन. ती त्यांच्या चुका काढायची म्हणे.

प्रॅक्टिकलला ती आली, आमच्या घरी राहिली आणि परत गेली. इंग्रजीच्या पेपरला पुन्हा आली, फिजिक्सला राहिली, आणि मधे चार दिवसांची सुट्टी मिळताच एस.टी. धरून कोप्यावर निघून गेली. केमिस्ट्रीचा पेपर तोंडावर आणि ही निघाली. मी ओरडलो तर म्हणाली, "मामा, सरांचे हात बघितल्यात का तुमी?"

लोक मला विचारतात, तिचा निकाल काय लागला? चांगला लागला. नगरला बी.एस्सी. करते आहे, केमिस्ट्रीच. सरांच्या जाण्याचं तिनंच मला पहिल्यांदा कळवलं. पण निकालाचा दिवस मला नीट आठवतसुद्धा नाही. मला आठवते ती पेपरच्या आदल्या दिवशीची सकाळ, कारण मी सरांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

तिला आणायला मी पहाटेच मोटारसायकलनं निघालो आणि उन्हं वर यायच्या आत बेलापूरच्या शिवारात पोचलो. उसाचा फड अर्धा तुटलेला. टोळी कामाला लागलेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लाकडी फळी लावलेली आणि एकेक बाई मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून वर चढत होती. त्या बायांच्या रांगेत सर. डोक्याला टॉवेलची चुंबळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाचटानं कापलेले गाल. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. बांधावर गावातली दोन-तीन माणसं उभी होती. बघत होती, पण हसत कुणी नव्हतं. शहादेव तोडताना सरांच्या वाटणीच्या मोळ्या मुद्दाम लहान बांधून ठेवत होता. सर त्या उचलत, त्याच्याकडं एकदा रागानं बघत आणि पुढं चालायला लागत.

अर्चना माझ्यापाशी पिशवी घेऊन उभी होती. तिचा पाय निघत नव्हता. "मामा, मी आजच्या दिवस थांबते," म्हणाली. "पेपर उद्या हाय. मी रातच्याला येते कशी तरी."

मला समजूत घालता येत नाही. मी म्हणालो, "सरांना विचार."

सरांनी नुकतीच मोळी उचलली होती. त्यांची पाठ आमच्याकडं. ते फळीवर चढत होते, एकेक पाऊल चाचपडत. अर्चनानं हाक मारली, "सर!"

सर फळीच्या मध्यावर थांबले. दोन्ही हात मोळीला. मान वळवता येईना, हात हलवता येईना. फळी त्यांच्या वजनानं लवत होती. ते तसेच क्षणभर उभे राहिले आणि मग वर चढायला लागले.

अर्चना पटकन माझ्या मागं गाडीवर बसली. म्हणाली, "गाडी काढा मामा. ते खाली यायच्या आत निघा. तोंड बघितलं तर मी जायची न्हाई."

मी गाडी काढली.